ऑनलाइन परिषदेची शुल्कमाफी: अर्ज नेमका कुठे अडकतो

अमेरिकन फिजिकल सोसायटीची मार्च २०२० मधली डेन्व्हरची परिषद सुरू व्हायला जेमतेम दीड दिवस असताना रद्द झाली. काही लोक तर पोहोचलेही होते. इथिओपियात आदिस अबाबाला भरणारी आयसीएलआर ही मशीन लर्निंगची परिषद त्याच वर्षी एप्रिलमध्ये पूर्ण ऑनलाइन झाली. तिचं शुल्क १०० डॉलर आणि विद्यार्थ्यांसाठी ५० डॉलर होतं. घरबसल्या हजेरी आणि शुल्कात सवलत ही सोय त्यानंतर पुष्कळ परिषदांत रुळली. अर्ज मात्र अजूनही त्याच त्या कारणांनी परत येतात.

माफी बहुधा विद्यार्थी, नोकरी नसलेले संशोधक आणि कमी उत्पन्नाच्या देशांतले अर्जदार यांना मिळते. देशांची यादी बऱ्याचदा जागतिक बँकेची असते आणि ती दरवर्षी १ जुलैला बदलते. मागच्या वेळी मिळाली म्हणून यंदाही मिळेल, असं धरून चालू नका. फॉर्म भरणं दहा मिनिटांचं काम आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी अडचण विद्यार्थी असल्याच्या पुराव्याची. ओळखपत्रावर वैधतेची तारीख नसेल तर ते चालत नाही. प्रबंध सादर केलाय पण पदवी हातात नाही, अशांची तर पंचाईतच: नोंदणी संपलेली, प्रमाणपत्र आलेलं नाही. अशा वेळी मार्गदर्शकांकडून लेटरहेडवर, तारीख आणि सहीनिशी सद्यस्थिती सांगणारं पत्र घ्या आणि ते चालेल का, हे अर्ज करण्याआधीच आयोजकांना ईमेलने विचारा. अर्ज फेटाळल्यावर विचारलं तर सहसा उत्तरही येत नाही.

मुदत नीट वाचा. निबंधासाठी बऱ्याचदा ‘एओई’ (एनीव्हेअर ऑन अर्थ, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख संपेपर्यंतची) वेळ असते; ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागे असते. ‘एओई’नुसार १५ तारीख संपते तेव्हा यूटीसीनुसार १६ तारखेची दुपार झालेली असते. हीच वेळ नोंदणीला किंवा व्हिडिओ पाठवायलाही असेल, असं समजून लोक फसतात. प्रत्येक मुदतीपुढे कोणती वेळ लिहिली आहे ते वेगळं पाहा. माफीच्या अर्जाची मुदत तर बऱ्याचदा नोंदणीच्याही आधी संपते.

आणखी एक. अनेक ठिकाणी प्रत्येक निबंधामागे निदान एका लेखकाची पूर्ण शुल्काची नोंदणी लागते. माफीतली नोंदणी त्यात धरत नाहीत. हे न कळल्याने स्वीकारलेला निबंध कार्यक्रमातून गळतो.

आता स्वतःच्या संस्थेकडून शुल्काची भरपाई. लेखा विभागाच्या फॉर्ममध्ये बोर्डिंग पासचा रकाना अजून तसाच असतो. घरातल्या खुर्चीवरून सादरीकरण केलेल्या माणसाने तो आणायचा कुठून, हे कोणी सांगत नाही. म्हणून पूर्वमंजुरीच्या पत्रातच ‘ऑनलाइन सहभाग’ असे शब्द घालून घ्या. संस्थेच्या नावाची पावती आणि तुमचं नाव असलेलं कार्यक्रमपत्रिकेचं पान जोडा. सहभागाचं प्रमाणपत्र परिषद चालू असतानाच किंवा संपताक्षणी डाउनलोड करून ठेवा, कारण पोर्टल बंद झालं की ते परत मिळवणं फार कठीण जातं.