घरची प्रार्थना

घरची प्रार्थना म्हणजे ख्रिस्ती घरात रोज रात्री, जेवणाच्या आधी नाहीतर नंतर, सगळ्यांनी एकत्र बसून केलेली छोटीशी उपासना. पुस्तकात हिला कौटुंबिक उपासना म्हणतात, पण पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत एवढा जड शब्द कोणी वापरत नाही, आई 'चला, प्रार्थनेला बसा' म्हणते, टीव्ही बंद होतो, आणि पाच मिनिटांत सगळे चटईवर किंवा पलंगाच्या कडेला जमतात. एखादं गाणं, बायबलमधला एखादा उतारा, मग एकेकाने आपल्या शब्दांत केलेली प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून येशूने शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना. दहा मिनिटं, फार तर वीस. मुलांवर ख्रिस्ती संस्कार होतात ते मुख्यतः इथे.

मुलांना देवाचं वचन घरात शिकवा, बसता-उठता आणि वाटेने चालताना त्याबद्दल बोला, हे बायबलच्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय. बायबलमध्ये प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्र लिहिताना त्याच्या विश्वासाचं मूळ आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात आहे म्हणतो, कुठल्या शाळेचं नाव घेत नाही. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने 1529 साली धर्मशिक्षणाची छोटी प्रश्नोत्तरी लिहिली ती घरातल्या कर्त्या माणसाने मुलांना आणि नोकरचाकरांना शिकवावी म्हणून, आणि कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला घरातली मंडळी (मंडळी म्हणजे चर्च) म्हटलं, म्हणजे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघंही इथे एकाच ठिकाणी येतात. संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, त्या मानाने अलीकडचं, 1780 च्या सुमारास इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी ते सुरू केलं, मुलांना लिहिता-वाचता यावं हाही त्याचा हेतू होता. आज मात्र बरेच आईबाप रविवारी मुलाला संडे स्कूलला सोडतात आणि आपलं काम झालं समजतात. हे उलटं झालंय असं मला मनापासून वाटतं, कारण आठवड्यातला एक तास घरातल्या सात रात्रींची जागा घेऊ शकत नाही, शिकवणाऱ्या ताई कितीही जीव लावून शिकवत असल्या तरी.

पुण्यात प्रार्थनेची रीत चर्चप्रमाणे थोडी बदलते. कॅथलिक घरांत जपमाळ असते, विशेषतः मे आणि ऑक्टोबर या मारियेच्या महिन्यांत, आणि मूल सात-आठ वर्षांचं झालं की प्रथम कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याची, तयारी सुरू होते, तेव्हा घरी पाठांतर घेतलं जातं. 1970 साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, मेथडिस्ट किंवा इतर मंडळ्यांच्या घरांत गाणं आणि वचन यांवर भर जास्त. लहान मुलाला आठवड्याला एक वचन पाठ करायला देतात आणि ते म्हणताना अडलं की आजोबा हळूच पुढचा शब्द सुचवतात. वाढदिवसाला, दहावीच्या परीक्षेआधी, नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घरी येतात, नातेवाईक जमतात, प्रार्थनेनंतर चहा-पोहे होतात.

भाषेचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या भाषेत देवाशी बोलता यावं म्हणून किती जणांनी आयुष्य वेचलंय. नवा करार मराठीत 1811 साली बंगालमधल्या सेरामपूरहून मिशनरी विल्यम केरींच्या प्रयत्नाने निघाला. पंडिता रमाबाईंनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावात मुक्ती मिशन हा निराधार बायकांचा आश्रम चालवता चालवता हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्यासुध्या बायाबापड्यांना कळावं अशा भाषेत, आणि 1922 साली वारण्याच्या अगदी थोडं आधी ते काम पुरं केलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या आणि ओवीच्या वळणाने भक्तिगीतं लिहिली, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्या तुकारामांचं देहू पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे, आणि टिळकांची भजनं आजही उपासनेत म्हटली जातात. पण आता नातवंडं इंग्लिश मीडियमला आहेत, देवनागरी वाचायला अडखळतात, 'परावृत्त' किंवा 'नीतिमत्त्व' असा शब्द आला की थांबतात, आणि आजी इंग्रजी बायबल वाचू शकत नाही. मग काही घरांनी सरळ इंग्रजीत प्रार्थना सुरू केली, त्याने मुलांना अर्थ कळला पण आजी गप्प झाली. काही घरांत एकच उतारा आधी मराठीत आणि मग मोबाइलवरच्या बायबल ॲपमधून इंग्रजीत वाचतात, वेळ जास्त लागतो पण कोणी बाहेर राहत नाही. माझ्या मते हीच रीत चांगली, आणि गाणं तरी मराठीतच असावं, कारण गाण्यातले शब्द अर्थ नीट कळायच्या आधी मुलात जाऊन बसतात आणि पुढे वीस वर्षांनी उपयोगी पडतात.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक जेमतेम 10.8 लाख होते, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. त्यामुळे पुण्यातलं मराठी ख्रिस्ती मूल वर्गात बहुतेकदा एकटं किंवा दोघांपैकी एक असतं. आडनाव गायकवाड, साळवे, पवार, मग वर्गातली मुलं विचारतात तू ख्रिश्चन कसा, तुम्ही गोव्याचे का? अशा वेळी मुलाला उत्तर घरातच मिळालेलं असावं लागतं, आपले पणजोबा कुठून आले, नगर-जालना-सोलापूर भागातून पुण्यात का आले, त्यांनी विश्वास का धरला. आजीने प्रार्थनेनंतर सांगितलेल्या अशा गोष्टी फार मोलाच्या आहेत, त्या कोणी लिहून ठेवत नाही.

मग सोसायटीचा गणपती येतो. दहा दिवस खाली मांडव, सगळे मित्र तिथे, आरती, प्रसाद, फॅन्सी ड्रेस. यावर घराघरांत वेगळं मत आहे. काही आईबाप मुलाला स्पर्धेत भाग घेऊ देतात पण आरतीला उभं करत नाहीत, काही प्रसाद घरी आणून शेजाऱ्यांचं प्रेम म्हणून स्वीकारतात, काही अजिबात घेत नाहीत. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा नेमका हाच विषय आहे आणि तिथे तो तत्त्वही सांगतो आणि दुसऱ्याच्या विवेकाला धक्का लावू नका असंही सांगतो, म्हणून तो उतारा त्या आठवड्यात मुलांबरोबर वाचणं बरं. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी, शेजाऱ्यांच्या देवाबद्दल घरात हलकं बोलणं. मूल ते ऐकतं आणि दुसऱ्या दिवशी मित्राला सांगतं. नाताळच्या करंज्या ज्या घरी जातात त्याच घरून दिवाळीचं ताट येतं.

वेळेची अडचण सगळ्यांना आहे. हिंजवडीहून आईबाबा ट्रॅफिकमधून नऊ-साडेनऊला येतात, मोठ्या मुलाचा रविवारी सकाळी क्लास उपासनेच्याच वेळी, तेरा-चौदा वर्षांची मुलगी प्रार्थनेत फोन उशीखाली ठेवून बसते. ओरडून काही होत नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात बापांना स्पष्ट सांगितलंय की मुलांना चिडवू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा, आणि ज्या घरांत बाप स्वतः चुकल्यावर मुलासमोर माफी मागतो त्या घरांतली मुलं प्रार्थनेला कुरकुर न करता बसतात असं मी पाहिलंय. किशोरवयीन मुलाला उतारा निवडायला द्यावा, प्रश्न विचारू द्यावेत, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावं, पुढच्या रविवारी पाळकांना किंवा फादरना विचारता येतं.

सगळ्यात कठीण प्रश्न आजारपणात येतो. आजी बरी होऊ दे म्हणून सात वर्षांचं मूल महिनाभर रोज प्रार्थना करतं आणि आजी जाते. तेव्हा 'देवाला तीच हवी होती' असं म्हणून विषय मिटवू नये, मुलाला त्या देवाची भीती बसते. त्यापेक्षा बायबलमधलं तेरावं स्तोत्र वाचावं, जिथे दावीद सरळ देवाला विचारतो की कुठवर मला विसरणार, आणि क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली होती आणि तो टळला नाही हे सांगावं, आणि आपल्यालाही रडू येत असेल तर मुलासमोर रडावं. दफनविधीच्या त्या रात्रीही घरात प्रार्थनेला बसतात, आणि बरेचदा आजी रोज म्हणायची तेच गाणं निवडलं जातं, पहिली ओळ मूलच उचलतं कारण पाठ त्यालाच असतं.