वेल्श घराण्यांची जुनी पत्रे

वेल्श घराण्यांची जुनी पत्रे : वेल्समधील कुलवृत्तांताच्या संशोधनात हाती येणारी, मुख्यतः अठराव्या ते विसाव्या शतकातील खाजगी पत्रे आणि त्यांचा अर्थ लावण्याची रीत. घरच्या बायबलात जपलेले किंवा अमेरिकेतल्या आप्तांकडून परत आलेले असे पत्र पहिल्यांदा उघडले की अक्षर लागत नाही म्हणून माणूस हिरमुसतो. अक्षराची सवय चार पानांत होते. खरी अडचण पुढे येते, आणि ती नावांची असते. पत्रभर जॉन, डेव्हिड, मेरी यांचीच गर्दी आणि अर्ध्या गावाचे आडनाव जोन्स.

वेल्समध्ये कायमची आडनावे उशिरा आली. पूर्वी मुलाच्या नावापुढे ‘अप’ किंवा ‘अब’ म्हणजे ‘चा मुलगा’ आणि मुलीच्या नावापुढे ‘वेर्ख’ म्हणजे ‘ची मुलगी’ लावून बापाचे नाव देत. बापाचे नाव लावण्याची रीत मराठी वाचकाला परकी नाही, पण इथे त्यानंतर घराण्याचे नाव येत नसे. सोळाव्या शतकापासून सधन घरांनी इंग्रजी धर्तीची आडनावे घेतली. ‘अप ह्रीस’चे प्राइस झाले, ‘अप हवेल’चे पॉवेल, ‘अब ओवाइन’चे बोवेन. खेड्यापाड्यांत मात्र जुनी रीत काही ठिकाणी एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली, त्यामुळे डेव्हिड जोन्सचा मुलगा जॉन डेव्हिस असू शकतो. लग्न झालेली बाईही कित्येकदा माहेरच्याच नावाने ओळखली जाई. पत्रातल्या दोघांची आडनावे वेगळी दिसली म्हणून त्यांचे नाते नाही असे ठरवणे ही या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

एवढ्या एकसारख्या नावांतून गावाने आपली वाट काढली होती. माणूस त्याच्या शेतघरावरून ओळखला जाई. ‘हेंद्रे’ म्हणजे खोऱ्यातले थंडीतले घर, ‘हवोद’ म्हणजे उन्हाळ्यात गुरे घेऊन जायचे डोंगरावरचे घर, ‘ब्रिन’ म्हणजे टेकडी. पत्रात ‘जॉन हेंद्रे’ असे आले तर ते आडनाव नव्हे, पत्ता आहे, आणि जॉनने शेत बदलले की हे नावही बदलते. काही जण सही करताना कवी म्हणून घेतलेले नाव लिहीत. पहिल्या महायुद्धात ३१ जुलै १९१७ रोजी मारला गेलेला कवी हेद विन याचे खरे नाव एलिस हम्फ्री इव्हान्स होते, हे ठाऊक नसेल तर त्याचा उल्लेख कोणत्या घरात बसवायचा ते कळणार नाही.

पत्र वेल्श भाषेत असेल तर शब्दांची सुरुवात बदलते, हे आधी मनाशी पक्के करावे लागते. मराठीत ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होताना बदल शेवटाकडे होतो. वेल्शमध्ये तो पहिल्या अक्षरात होतो. बांगोर शहराला जाणे म्हणजे ‘ई वांगोर’, बांगोरमध्ये असणे म्हणजे ‘अम मांगोर’. नकाशात मांगोर शोधत बसणारे काही कमी नाहीत. ‘ताद’ म्हणजे वडील. माझे वडील म्हटले की ‘न्हाद’, तुझे वडील म्हटले की ‘दाद’, तिचे वडील म्हटले की ‘थाद’. शब्दकोशात हे सगळे ‘टी’खालीच पाहायचे. त्याचा, तिचा हा भेदही या बदलावरच उभा आहे. दोन्हींसाठी शब्द एकच, ‘एइ’. ‘एइ वाम’ म्हणजे त्याची आई, ‘एइ माम’ म्हणजे तिची आई. वेल्शमध्ये ‘व’चा उच्चार ‘एफ’ने लिहितात, म्हणून शाई फुटलेल्या जागी पहिले अक्षर ‘एफ’ आहे की ‘एम’, एवढ्यावर एक म्हातारी बाई या घरची ठरते किंवा त्या घरची. अशा जागी भिंग घ्यावे, आणि त्याच हाताने लिहिलेले तेच अक्षर पत्रात आणखी कुठे आले आहे तिथे जाऊन ताडून पाहावे.

नात्यांच्या शब्दांवरून लिहिणाऱ्याचा मुलूखही कळतो. आजीला उत्तरेत ‘नाइन’ आणि दक्षिणेत ‘मामगी’ म्हणतात, आजोबांना ‘ताइद’ आणि ‘तादकी’. दूध आणि किल्ली यांनाही दोन्हीकडे वेगळे शब्द आहेत. ‘आता’साठीचे दक्षिणेतले ‘नऊर’ रोमन अक्षरांत उलटे वाचले की उत्तरेतले ‘रुअन’ होते. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, तेव्हा ती बाजू दुसऱ्या कागदांवरूनच शोधावी लागते. ‘भाऊ’ हा शब्द चॅपेलमधल्या, म्हणजे अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रॉटेस्टंट पंथांच्या प्रार्थनाघरातल्या, सहधर्मीयालाही लावत, म्हणून ‘भाऊ जोन्स वारले’ वाचून वंशवृक्षात लगेच फांदी काढू नये.

चॅपेल इथे पदोपदी भेटते. बेथेस्डा, नेबो, कार्मेल, हेब्रॉन ही नावे वाचून पत्रलेखक पवित्र भूमीच्या यात्रेला गेला होता असे वाटेल. पण चॅपेलांना बायबलातली नावे देत आणि पुढे भोवतालची वस्तीही त्याच नावाने ओळखली जाई. बेथेस्डा हे उत्तर वेल्समधले पाटीच्या दगडाच्या खाणीचे गाव. तिथल्या पेन्रिन खाणीतला संघर्ष नोव्हेंबर १९०० ते नोव्हेंबर १९०३ असा तीन वर्षे चालला आणि संप न मोडलेल्या घरांच्या खिडक्यांत ‘या घरात गद्दार नाही’ अशा पाट्या लागल्या. त्या भागातल्या तारीख नसलेल्या पत्रात कुणाला ‘गद्दार’ म्हटले असेल, तर हा काळ आधी तपासावा. ‘पुनरुज्जीवन’ आले तर १८५९ किंवा १९०४-०५ ची धर्मजागृती पाहावी.

तारीख असली तरी ती जशीच्या तशी धरता येत नाही. १७५२ पूर्वी कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी १७४० म्हणजे आपल्या हिशेबाने बहुधा १७४१. ‘७बर’ हा सप्टेंबर, जुलै नव्हे; लॅटिनमध्ये ‘सेप्टेम’ म्हणजे सात. वेल्श ‘माउर्थ’ म्हणजे मार्चही आणि मंगळवारही.

भाषेचा गोंधळ शाळेने वाढवला. बायबल १५८८ पासून वेल्शमध्ये होते आणि रविवारच्या शाळेत लोक ते वाचायला शिकत. रोजच्या शाळेत मात्र इंग्रजी शिकवत, आणि वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात काही शाळांत लाकडी तुकडा अडकवत. शिक्षणावरच्या १८४७ च्या सरकारी अहवालाने वेल्श भाषेलाच मागासपणाचे कारण ठरवले, तो घाव वेल्श माणूस अजून विसरलेला नाही. मुलाला इंग्रजीत पत्र लिहिणारी आई म्हणूनच वेल्शमध्ये विचार करून इंग्रजीत उतरवते. ‘त्याच्याबरोबर घर आहे’ असे तिने लिहिले तर त्याचा अर्थ त्याच्या मालकीचे घर आहे. मराठीत आपण ‘त्याच्याकडे’ म्हणतो, तसेच ते. वेल्श लेखनाचे नियमही १९२८ मध्ये ठरले. त्याआधीच्या पत्रांत मायन्यातला ‘प्रिय’ हाच शब्द बहुधा एका ‘एन’ने येतो, आज तो दोन ‘एन’नी लिहितात. म्हणून नक्कल करताना काहीही सुधारू नये. जसे आहे तसे, ओळीला ओळ उतरवावे आणि अंदाज वेगळ्या कागदावर लिहावेत.

१० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र एका पेनीत देशभर जाऊ लागले. त्याआधी अंतर आणि कागदांची संख्या मोजून टपालखर्च लागे आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. म्हणून लिहून झालेला कागद आडवा फिरवून त्याच मजकुरावर दुसरा मजकूर लिहीत. असे पान डोळ्यांजवळ तिरपे धरले की एका दिशेच्या ओळी वर येतात.

पडताळ्यासाठी ॲबरिस्टविथचे वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय हे पहिले ठिकाण. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयात १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे आहेत आणि १९१९ पर्यंतची जुनी वृत्तपत्रे त्याने इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत. जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू होते. वेल्समधल्या जनगणनेत भाषेचा प्रश्न १८९१ पासून आहे, म्हणजे पत्रलेखकाच्या घरी कोणती भाषा बोलत ते तिथे पाहता येते. पत्रे वेल्सबाहेरूनही येतात: पेनसिल्वेनियाच्या कोळसाखाणींतून, १८६५ मध्ये ‘मिमोसा’ जहाजाने गेलेल्यांच्या अर्जेंटिनातल्या पॅटागोनियातून, आणि आपल्या मेघालयातल्या खासी टेकड्यांतूनही. तिथे १८४१ मध्ये आलेले वेल्श मिशनरी थॉमस जोन्स यांनी खासी भाषेला रोमन लिपी दिली ती वेल्श वळणाने.

पत्राच्या शेवटी ‘माझी आठवण सांगा’ म्हणून दहा-बारा नावे येतात. घाईत वाचणारा ती सोडून देतो, पण कुलवृत्तांतासाठी पत्रातला हाच भाग सोन्यासारखा. तिथे ‘मेरी ब्रिन’, ‘जॉन हेंद्रे’, ‘खालच्या घरची मंडळी’ असे शेजारी येतात. ती शेतनावे एकत्र घेऊन जनगणनेची पाने चाळावीत. एकाच पानावर त्यांतली तीन-चार सापडली की इतके दिवस नुसता जोन्स असलेला माणूस कुठल्या घरातून लिहीत होता, ते त्याच पानावर किंवा पुढच्या पानावर बहुधा मिळते.