टॅब्लेटच्या आधीची कॅसेट

अमेरिकेतल्या ज्यू धार्मिक शाळांत मुलं टॅब्लेटवर तोरा या आपल्या पवित्र ग्रंथातल्या कथांच्या फिल्म करतात, हे ऐकून नवल वाटतं. मात्र ध्वनिमुद्रणाशी या शाळांची ओळख जुनीच आहे. तेराव्या वर्षी, बार मिट्झ्वा या जाणतेपणाच्या विधीला, मुलगा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात, तोरा वाचतो. चर्मपत्राच्या त्या गुंडाळीत ना स्वरचिन्हं, ना चालीच्या खुणा. सगळं पाठच करावं लागतं. त्यामुळे गुरुजींच्या आवाजातली कॅसेट मागे-पुढे करत घोकणं घरोघरी चालायचं.

तेव्हाच एक पेच उभा राहिला. ईश्वराचं लिहिलेलं नाव पुसायचं नाही, असा नियम. फाटकं प्रार्थनापुस्तकसुद्धा रद्दीत जात नाही, ते रीतसर पुरतात. मग टेपवर मुद्रित झालेलं नाव पुसलं तर? टेपवर अक्षर उमटत नाही, म्हणून तो नियम तिथे लागू नाही, असं बहुतेक रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं, मत पडलं. पडद्यावरच्या अक्षरांनाही पुढे साधारण तोच न्याय मिळाला. तरी फिल्मच्या शीर्षकात पूर्ण नावाऐवजी ‘हे’ नावाचं एकच हिब्रू अक्षर आणि त्यापुढे एक टिंबवजा खूण, ही काळजी मुलं घेतातच.

टॅब्लेटच्या आधी शाळेत फिल्म करायची तर खरी अडचण वेळेची होती. दिवसाचा एक भाग हिब्रू, तोरा आणि तालमूद हा धर्मशास्त्राचा ग्रंथ. दुसरा भाग इंग्रजी, गणित, विज्ञान. ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ पंथाच्या, शाळांचं जाळं विणणारी ‘तोरा उमेसोरा’ ही संस्था १९४४ची, आणि २०१३-१४च्या गणनेत अमेरिकेत सर्व ज्यू पंथांच्या मिळून अशा ८६१ शाळा मोजल्या गेल्या. दोन अभ्यासक्रम एका दिवसात कोंबल्यावर कॅमेरा आणायचा, चित्रण संगणकावर उतरवायचं आणि मग लॅबचा तास मिळायची वाट बघायची, हे कोणाला परवडणार? त्यातून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिलेलं हिब्रू शीर्षक उलटं उमटायचं, ते वेगळंच.

एप्रिल २०१०मध्ये आयपॅड विक्रीला आला तेव्हा त्याला कॅमेराच नव्हता. शाळेच्या दृष्टीने ते वाचायचं यंत्र. मार्च २०११च्या आयपॅड २ला दोन कॅमेरे मिळाले, सोबत आयमूव्ही हे फिल्म कापायचं-जोडायचं ॲप आलं. चित्रण, आवाज, कापाकापी सगळं एकाच पाटीवर, वर्गातल्या बाकावरच. तोराच्या तासाला सुरू केलेलं काम इंग्रजीच्या तासाला पुढे नेता येऊ लागलं. माझ्या मते आयपॅड या शाळांत रुजला तो यामुळे, चकचकाटामुळे नव्हे.

अर्थात सगळ्यांनीच दार उघडलं नाही. मे २०१२मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड मैदानावर हजारो हरेदी, म्हणजे अतिकर्मठ ज्यू, पुरुष इंटरनेटच्या धोक्यांवर भाषणं ऐकायला जमले. जागा पुरली नाही म्हणून बाकीच्यांना ती शेजारच्या टेनिस स्टेडियममध्ये पडद्यावर दाखवली! टॅब्लेटचं स्वागत झालं ते मुख्यतः मॉडर्न ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरा पाळून आधुनिक जगाशी जुळवून घेणाऱ्या, आणि त्याहून उदार पंथांच्या शाळांत.

शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना ‘शनवार तेली’ नाव पडलं. तोच शब्बाथ, म्हणजे शनिवारचा धार्मिक विश्रांतीचा दिवस, या शाळांतल्या मुलांनाही आहे. शुक्रवारी सूर्यास्ताआधी पडदा काळा करायचा, आणि अर्धवट कापलेली फिल्म शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत तशीच राहते.