कवितासंग्रहाचं परीक्षण

कवितासंग्रहाचं परीक्षण म्हणजे अख्खा संग्रह वाचून त्यात काय आहे, कुठे जमलंय, कुठे फसलंय हे वाचकाला सांगणारं लेखन. एका कवितेच्या रसग्रहणापेक्षा हे वेगळं, कारण इथे पन्नास-साठ कवितांचा एकत्र हिशोब द्यावा लागतो, आणि प्रस्तावनेपेक्षा तर फारच वेगळं, प्रस्तावना लिहिणारा बहुतेकदा कवीच्या बाजूचाच असतो.

चांगलं परीक्षण ओळखायचं तर त्यात कवितेच्या ओळी किती दिल्यात आणि त्यांचं पुढे काय केलंय ते बघायचं. तरल, संवेदनशील, अंतर्मुख करणारी वगैरे विशेषणं कुठल्याही संग्रहाला डकवता येतात, पुस्तकाचं नाव बदललं तरी परीक्षण तसंच्या तसं चालतं! समजा कवीने लिहिलंय, 'आई गेली / बाजारात'. पहिल्या ओळीशी वाचकाच्या काळजात क्षणभर धस्स होतं, दुसरी ओळ त्याला सोडवते, सगळा खेळ त्या ओळ मोडण्यात आहे. परीक्षकाने हे दाखवलं तर त्याने कविता वाचलीये. जागा वाचवायला त्याच ओळी सलग छापल्या की उरते फक्त बाजारात गेलेली आई.

मुक्तछंदात ओळ कुठे तोडलीये हे बघतात तसं वृत्तबद्ध कवितेत यमकासाठी शब्द कोंबलाय का हे बघावं लागतं. शिवाय संग्रह सलग वाचल्यावरच कळणाऱ्या गोष्टी असतात, म्हणजे तिसऱ्या पानावरचा पाऊस छान वाटतो पण चाळिसाव्या पानावर तोच पाऊस परत आला की ती कवीची सवय असते, आणि हे सांगायला एक वाचन पुरत नाही. एका वाचनातलं परीक्षण बऱ्याचदा मलपृष्ठावरचा मजकूरच फिरवून सांगतं.

कवी ओळखीचा असेल तर तसं सरळ लिहून टाकावं. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने तर 1855 साली आपल्याच संग्रहाची परीक्षणं निनावी लिहून छापून आणली होती, अर्थात कौतुकाचीच. नावाचा दबाव असतोच. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता दिल्या, त्यावरचं पुस्तक 1929 मध्ये आलं, आणि त्यात विद्यार्थ्यांनी बड्या कवींच्या कविताही बिनधास्त मोडीत काढलेल्या दिसतात. म्हणून परीक्षण लिहिताना नाव झाकून एकदा वाचून बघायला हरकत नाही.

पानं, किंमत, प्रकाशक हे तळाला एका ओळीत दिलं की झालं.