प्रतिसादापासून ‘लाइक’पर्यंत

सोशल मीडियावर लिहू लागणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो ‘रीच’, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचते तो आकडा, वाढवण्याचा. जाहिरातीच्या धंद्यातला हा शब्द लिहिणाऱ्यांच्या तोंडी कसा आला, हे समजून घ्यायचं तर तीसेक वर्षं मागे जावं लागतं.

जस्टिन हॉल हा अमेरिकी विद्यार्थी १९९४ पासून स्वतःच्या वेबपानावर स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहू लागला. अशा नोंदींच्या पानासाठी ‘वेबलॉग’ (पुढे नुसतं ‘ब्लॉग’) हा शब्द जॉर्न बार्गर या अमेरिकी ब्लॉगलेखकाने डिसेंबर १९९७ मध्ये वापरला. १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ ही ब्लॉग लिहिण्याची सेवा आली आणि तांत्रिक ज्ञान नसलेल्यांनाही लिहिता येऊ लागलं.

पण या इतिहासातली सगळ्यात मोलाची घटना मला वेगळीच वाटते. ‘ओपन डायरी’ या संकेतस्थळाने १९९८ मध्ये प्रत्येक नोंदीखाली वाचकाला लिहायला जागा दिली. तोवर लिहिणारा बोलायचा आणि वाचक ऐकायचा. आता वाचक दुरुस्ती सुचवू लागला, स्वतःचा अनुभव जोडू लागला. ब्लॉग वाचले जात ते पुष्कळदा या प्रतिसादांसाठी. उत्तर देणाऱ्या लेखकाकडे लोक परत येत, आणि कोणाचं वाचायचं हे तेच ठरवत. आरएसएस या वेबवरच्या तांत्रिक सोयीमुळे त्यांनी निवडलेल्या ब्लॉगवरचं नवं लेखन त्यांच्यापर्यंत आपोआप पोहोचे. मधे कुणी चाळणी लावत नसे.

ही चाळणी पुढे हळूहळू आली. फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यूज फीड’, म्हणजे ओळखीच्यांच्या हालचालींची एकत्र यादी, सुरू केलं, तेव्हा वापरणाऱ्यांनीच मोठा विरोध केला होता. ९ फेब्रुवारी २००९ ला ‘लाइक’चं बटण आलं. त्याआधी दाद द्यायची तर निदान ‘छान’ एवढं तरी टाइप करावं लागे. बटणाने ते कष्ट वाचवले, पण दाद मोजण्याजोगीही केली. मोजता आलं की क्रम लावता येतो. २०१६ मध्ये ट्विटर आणि इन्स्टाग्राम या दोघांनीही केवळ वेळेनुसार पोस्ट दाखवण्याची पद्धत मागे टाकली.

जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आणखी एक बदल जाहीर केला: लोकांमधल्या अर्थपूर्ण संवादाला यापुढे जास्त वजन मिळेल. कल्पना चांगली होती. मात्र यंत्राला संवाद दिसतो तो प्रतिसादांच्या आणि शेअरच्या संख्येतून. भांडणाखालीही प्रतिसाद येतात, अनेकदा जास्तच येतात. या बदलामुळे संतापाला खतपाणी मिळतंय, असा इशारा कंपनीतल्याच संशोधकांनी दिला होता. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून ते उघड झालं. मुद्दाम डिवचणाऱ्या पोस्ट का वाढल्या, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. लिहिणारे एकाएकी उथळ झाले असं मला वाटत नाही. ज्याची मोजणी होते तेच ते देऊ लागले.

या काळात वाचकाने स्वतः निवड करण्याची साधनंही आटत गेली. आरएसएस वाचण्याचं लोकप्रिय साधन, ‘गूगल रीडर’, १ जुलै २०१३ ला बंद झालं. २०१७ मध्ये ‘सबस्टॅक’ हा वाचकांना ईमेलने लेखन पाठवण्याचा मंच सुरू झाला आणि अनेक लेखक पुन्हा ईमेलकडे वळले. तिथे वाचकांच्या पत्त्यांची यादी लेखकाकडे राहते, मंच बदलला तरी सोबत नेता येते. आणि आलेल्या ईमेलला वाचकाने उत्तर धाडलं, तर ते चारचौघांसमोर न येता थेट लेखकाकडे पोहोचतं, पत्रासारखं.