बिबट्या लांब सोडला की प्रश्न मिटतो?

निफाड-सिन्नरकडे उसात बिबट्या दिसला की मागणी ठरलेली: पिंजरा लावा, लांब जंगलात सोडा. पण यानं धोका वाढतो. जुन्नर परिसरात आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडायला लागल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात बिबट्या भेदरतो, भटकतो. इकडे रिकाम्या हद्दीत दुसरा येतो.

त्यापेक्षा शेळ्या रात्री वरूनही बंद असलेल्या गोठ्यात ठेवा. नुसतं कुंपण तो सहज ओलांडतो. आणि ऊसतोडीत बछडे सापडले तर कृपा करून उचलू नका. १९२६ वर वनविभागाला कळवा, फड मोकळा ठेवा. अंधार पडला की बहुधा आईच त्यांना न्यायला येते.