ग्रीन विंग की डार्कप्लेस? नेमकी कुठली म्हणताय?

दोन्ही ब्रिटनच्या चॅनल फोरच्या टीव्ही सिरीज, दोन्ही २००४ मधे आलेल्या, दोन्ही हॉस्पिटलमधे घडतात आणि दोन्ही पार विचित्र, त्यामुळे "ती ब्रिटिश हॉस्पिटलवाली वेडी कॉमेडी बघ" एवढंच सांगितलं की समोरचा बरेचदा भलतीच लावून बसतो. आणि मग त्याला ती आवडत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण दोन्ही बघायची नजरच वेगळी लागते.

ग्रीन विंग व्हिक्टोरिया पाइलने तयार केलेली. दोन सीझन आणि २००७ मधे एक स्पेशल. शूटिंग लंडनच्या नॉर्थविक पार्कसारख्या खऱ्या हॉस्पिटलमधे झालंय, त्यामुळे कॉरिडॉर, लिफ्ट, कँटीन सगळं अस्सल दिसतं, पण आजारपणाची गोष्ट जवळपास नाहीच, टेबलावर पेशंट झोपलेला आणि सर्जन मॅक नि भूल देणारा डॉक्टर गाय (Guy) यांची आपापसात जुंपलेली. विचित्रपणा येतो तो माणसांतून. स्टाफच्या अडचणी ऐकणं हे जिचं काम, ती स्यू व्हाइट (मिशेल गोमेझ) आलेल्या माणसाला असं काही वागवते की तो परत यायचा नाही. रेडिओलॉजिस्ट स्टॅथमच्या भूमिकेत मार्क हीप नुसता उभा राहिला तरी अंग आखडलेलं दिसतं. ऑलिव्हिया कोलमनही आहे यात, ऑस्कर मिळायच्या कितीतरी आधीची. त्यात एडिटिंग असं की चालता चालता माणूस एकदम फास्ट होतो, मधेच स्लो, आणि मागून हसण्याचे आवाज अजिबात नाहीत.

डार्कप्लेसचं पूर्ण नाव गार्थ मारेंगीज डार्कप्लेस, अर्ध्या अर्ध्या तासाचे फक्त ६ एपिसोड, आणि इथे मुळात एकात एक दोन गोष्टी आहेत हे आधी माहीत पाहिजे. गार्थ मारेंगी हा काल्पनिक भयकथा लेखक, स्वतःला फार थोर समजणारा. त्याने म्हणे ऐंशीच्या दशकात रॉमफर्डच्या एका झपाटलेल्या हॉस्पिटलवर सिरीज काढली, ती पडून राहिली आणि आता दाखवतायत. म्हणजे मॅथ्यू होलनेस हा गार्थ, आणि गार्थ त्या सिरीजमधे डॉक्टर रिक डॅगलेस! रिचर्ड अयोआदे हा गार्थचा प्रकाशक डीन लर्नर, ज्याला अभिनय येत नाही पण तरी त्याला हॉस्पिटलच्या बॉसचा रोल दिलाय. मॅट बेरी, अ‍ॅलिस लो यांचंही तसंच, वाईट नटांच्या भूमिका. ओठ आणि आवाज जुळत नाहीत, मागच्या शॉटमधली वस्तू पुढच्या शॉटमधे नाही, इफेक्ट स्वस्तातले, हे सगळं मुद्दाम केलेलं आहे, आणि चांगल्या नटाने वाईट नट इतका नेमका करणं माझ्या मते फार अवघड काम.

म्हणून डार्कप्लेस लावाल तर सुरुवातीचं गार्थचं भाषण आणि मधले या पात्रांचे इंटरव्ह्यू पुढे पळवू नका, ते काढले तर उरते ती फक्त एक फसलेली भुताची सिरीज. ग्रीन विंगला असं काही माहीत असायची गरज नाही, पण निवांत वेळ हवा, एपिसोड जवळपास तासाभराचे आहेत आणि पात्रं अंगवळणी पडायला दोनेक एपिसोड जातात.